दारात थांबलेली काठी

विमलआक्का आपल्यावर रागावली आहे हे माणसाला कळायचं ते पोळीच्या रंगावरून. आमच्या गावात पिठाची गिरणी एकच आणि ती आक्काची. ज्याच्यावर राग, त्याच्या गव्हाचा डबा ती बरोब्बर कुणाच्या तरी बाजरीनंतर टाकायची. चक्कीत राहिलेलं बाजरीचं पीठ त्या गव्हात उतरायचं आणि घरी पोळी राखेच्या रंगाची व्हायची. तोंडानं आक्का एक शब्द बोलायची नाही. माझ्या घरी एकदा आठवडाभर तसल्या पोळ्या खाल्ल्या. मी तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली होती, तिच्यात तिचा चेहरा काळा ठिक्कर आला होता. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माझं तोंड काळं, तर तुजी पोळी बी काळी. झालं, फिटलं." आणि पुढचा डबा पांढराशुभ्र दळून दिला.

माझं झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान गिरणीला खेटून आहे. मध्ये एक पत्रा. त्या पत्र्याच्या फटीतून पीठ यायचं आणि आक्काचा आवाज यायचा, दोन्हींपासून सुटका नव्हती. मला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे, पण आक्का मला 'झेरॉक्स' म्हणायची, आणि तिच्यामुळं आता सगळं गाव म्हणतं.

उंच बाई, खांदे गड्यासारखे. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळं ती पन्नाशीच्या आधीच म्हातारी दिसायची आणि पन्नाशीनंतर तशीच राहिली. माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या आळीत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला शेतावर राबायला ठेवायचं ठरवलं होतं. तिनं अंगावरचं किडूकमिडूक मोडून गिरणी घातली आणि कुणाच्या उपकाराखाली राहिली नाही.

तिचा एक शब्द होता. "कशावरनं?" कुणी म्हणालं, औंदा पाऊस चांगलाय, तर कशावरनं? कुणी म्हणालं, अमक्याची सून चांगली नाही, तर कशावरनं? गुरव म्हणाला की गावावर बहिरोबा कोपलाय, तर म्हणाली, "कशावरनं? माझ्याशी तर काय बोलला न्हाई." लोकांना वाटायचं, बाई भांडकुदळ आहे. पण सोनईच्या डॉक्टरनं तिला साखर आहे म्हणून सांगितलं तेव्हाही तिनं हाच शब्द टाकला, त्यानं रक्ताचा कागद दाखवून नीट समजावलं, आणि त्या दिवसापासून आक्कानं गोड चहा तोंडाला लावला नाही. पटवून दिलं की ती मुकाट्यानं ऐकायची. पटवून द्यायची तयारीच कुणाची नसायची, त्याला ती काय करणार?

तिच्या धाकट्या भावाचं नाव दत्ता. घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करायचा आणि बाजार उठला की तिथंच प्यायला बसायचा. कितीदा आक्कानंच त्याला टेम्पोत घालून घरी आणलं. मग त्याला पंथाची माणसं भेटली. पंथाचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात करायची माझी इच्छा नाही. आमच्याकडे नुसतं 'पंथ' म्हटलं की कळतं. जे त्यात गेले ते 'आतले', उरलेलं सगळं जग 'बाहेरचं'. दत्ता आत गेला आणि त्याची दारू सुटली. हे खरं आहे आणि ते मी सांगितलं पाहिजे. आक्कानं तेव्हा गिरणीत पेढे वाटले होते.

पुढं एकेक नेम सुरू झाला. घरातले देव काढले. जत्रा बंद, कांदा-लसूण बंद. दाराच्या चौकटीला पांढरा रंग लागला, म्हणजे हे घर आतल्यांचं. बाहेरच्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. दत्ताची बायको दळण मोटरसायकलवर घालून सोनईला पाठवायला लागली. आक्काची आई बायजाबाई दत्ताकडेच राहायची, त्यामुळं तीही आपोआप आतली झाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. दर आठवड्याला ती ज्वारीचा लहानसा डबा घेऊन गिरणीत यायची, लेकीशेजारी पोत्यावर टेकायची, तेही थांबलं.

एक दिवस दत्तानं आक्काला घरी बैठकीला बोलावलं. मलाही बोलावलं होतं, गावातली चार डोकी जमावीत म्हणून. नगरहून पंथाचे प्रमुख आले होते. स्वच्छ धोतर आणि आवाज इतका गोड की मला त्याची अजून शिसारी येते. ते म्हणाले, "बाहेरच्याच्या हातचं खाल्लं की त्याचे दोष आपल्या रक्तात उतरतात."

"कशावरनं?" आक्का म्हणाली.

प्रमुख हसून म्हणाले, "ताई, इथं प्रश्न विचारायचा नसतो. शंका आली की माणूस गेला."

"कुठं गेला?"

मला हसू फुटलं. आणखी दोघेचौघे हसले. प्रमुखांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी दत्ताकडं वळून शांतपणे सांगितलं, "तुमच्या घरात शंका बसलीय. तुम्ही ठरवा."

आक्का भावाकडं बघत होती. "आपल्या बानं बांधलेल्या घरात बसलेय मी. तितं मी इच्यारायचं न्हाई म्हनतो ह्यो. आन् तू ऐकून घेतो, दत्ता?"

दत्ता फरशीकडं बघत म्हणाला, "आक्का, तू जा."

बायजाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. लेक आली म्हणून तिनं तांब्याच्या तांब्यातून पाणी दिलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला. आक्का उठली, मीही तिच्या मागं उठलो. आम्ही गल्लीच्या वळणावर आलो तेव्हा मागं खणकन आवाज झाला. आक्काचं तोंड लागलं होतं म्हणून दत्ताच्या बायकोनं तो तांब्या उकिरड्यावर भिरकावला होता. आक्का परत गेली, शेणातून तांब्या उचलला, पदरानं पुसला आणि घेऊन आली. त्या दिवसापासून गिरणीत ती त्याच तांब्यातून पाणी प्यायची.

त्यानंतरची आक्का वेगळी होती. आधी तिला राग यायचा आणि पोळी काळी झाली की जायचा. हा राग गेला नाही. पंथातली एक बाई एकदा घाबऱ्या घाबऱ्या आली. घरी पाहुणे आलेले, सोनईला जायला गाडी नाही. म्हणाली, "मी माझ्या हातानं गहू टाकते, बटन बी मीच दाबते, तुमी निस्तं बाजूला उभं ऱ्हावा." आक्का बाजूला उभी राहिली. बाईनं बटण दाबलं, दळलं, पैसे लांबून ठेवले आणि गेली. संध्याकाळी पाहुणे जेवून उठले असतील अशा बेतानं आक्का तिच्या दारात गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई गं, सांगायचं ऱ्हायलं. चक्कीचा दाब मी आधीच माझ्या हातानं लावून ठिवला हुता. पोळ्या मऊ झाल्या का?" त्या घरात म्हणे दोन दिवस उपास झाले. मी आक्काला म्हणालो, हे फार झालं. ती म्हणाली, "तांब्या टाकला तवा कुनी म्हनालं का, फार झालं?"

आता काठीचं सांगतो.

आमच्या बहिरोबाची जत्रा चैत्रात. त्या दिवशी मानाची काठी निघते. दुमजली घराएवढा वेळू, त्याला रंगीत कापडं, शेंड्याला मोरपिसांचा झुबका. धरणाऱ्यानं कमरेला कापडाची झोळी बांधायची, तिच्यात काठीचं बूड ठेवायचं आणि चालायचं. चौघं चार बाजूंनी दोर ताणून धरतात, तरी सगळा भार कमरेवर आणि खांद्यावर येतो. काठी जमिनीला टेकवायची नाही. वाटेत मानकऱ्यांच्या दारात ती थांबते. घरातलं माणूस तांब्याभर पाणी आणून तिच्या बुडावर घालतं, मगच ती पुढं जाते. पाणी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, हा रिवाज. काठी धरायचा मान आक्काच्या वडिलांच्या घराण्याचा, आणि पाण्यासाठी थांबायचं शेवटचं दार त्यांचंच.

वडील गेले, दत्ता पंथात गेला आणि त्यानं सांगून टाकलं, दगडाच्या देवाची काठी मी उचलणार नाही. देवळात बैठक बसली. घराण्याच्या रक्ताचा हात हवा, आणि रक्त तर नाही म्हणतंय. तेव्हा आक्का मागून उठली. "मी उचलते."

गुरव म्हणाला, "बाईमानसानं काठी धरायची नसती."

"कशावरनं?"

"आजवर कुनी धरली न्हाई."

"आजवर कुनी सोडली बी नव्हती. माझ्या बाचं रक्त काय निस्तं दत्ताच्याच अंगात हाय व्हय?"

मग एकानं विचारलं, "पन आक्का, तुजा तर देवावर इस्वास न्हाई."

"मी देवासाठी कुठं म्हनाले? मी काठीसाठी म्हनाले." आणि तिनं तिथंच लुगड्याचा काचा मारून काठी उचलून दाखवली.

ती का उचलते हे मला त्याच संध्याकाळी कळलं. पत्र्याच्या फटीतून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झेरॉक्स, मला त्या घरात कुनी घेत न्हाई. पन काठीला दारातनं हाकलायची हिंमत हाय का कुनात? मला आईला बघायचंय. बस."

पहिल्या वर्षी काठी वर चढली आणि पांढऱ्या चौकटीसमोर थांबली. दार बंद. हलगी वाजत राहिली. मागं सगळं गाव खोळंबलं. उन्हानं डोकी तापली, दोर धरणारी पोरं बदलली, आक्का बदलली नाही. लोक दाराला हाका मारायला लागले, मग शिव्या घालायला लागले. सूर्य कलायला आला तेव्हा आत काहीतरी झटापट झाल्यासारखं झालं आणि दार उघडलं. बायजाबाई. हातात पितळी लोटी. तिनं काठीच्या बुडावर पाणी घातलं आणि वर लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"पाठ लई दुकत आसंल, बाळा."

"न्हाई आई."

एवढंच. काठी पुढं गेली. त्या रात्री आक्काला उठून बसता येत नव्हतं, पण मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

पुढच्या जत्रेला दत्तानं शहाणपणा केला. घराला बाहेरून कुलूप घातलं आणि बायकापोरांना घेऊन पंथाच्या मेळ्याला गेला. म्हणजे घरात कोणी नाही, काठी थांबायचा प्रश्न नाही. आक्का थांबली. गुरव म्हणाला, "आक्का, कुलूप हाय, चल." ती म्हणाली, "आई कुठं जाती? तिच्यानं गाडीवर बसवत न्हाई." आणि मोठ्यानं हाक मारली, "आई, काठी आलीय!"

बराच वेळ काही झालं नाही. मग उंबऱ्याखालून पाणी आलं. आधी एक ओघळ, मग पायरीवरून उतरून खाली रस्त्यावर. म्हातारी आत दाराशी बसून लोटीनं पाणी ओतत होती. आक्कानं कमरेची झोळी सैल केली आणि काठीचं बूड त्या पाण्यात टेकवलं. गुरव ओरडला, "टेकली! काठी टेकली!" आक्का म्हणाली, "पानी मिळालं. उचला." आम्ही हलगी अशी वाजवली की कुलूप तुटून पडावं. तुटलं नाही, पण त्या कुलपाची लाज दत्ताला गावात वर्षभर पुरली.

बायजाबाई त्याच पावसाळ्यात गेली. पंथाच्या लोकांनी उजाडता उजाडता ओढ्याकाठी सगळं उरकलं. आक्काला कळलं ते दूध घालायला आलेल्या माणसाकडून. ती गिरणी उघडी टाकून पळाली, मी तिच्या मागं. ओढ्यावर पंथाची माणसं रांगेनं उभी. "बाहेरच्यांनी अलीकडं यायचं न्हाई." दत्ता पाठमोरा उभा होता, वळला नाही. आक्का ओढ्याच्या ह्या काठाला उभी राहिली, धूर सरेपर्यंत. ती रडली नाही. परत येताना मला म्हणाली, "दत्ता येक दिवस माझ्यासाठी दारात उभा ऱ्हाईल. त्या दिवशी तू माझ्या मागं चाल, झेरॉक्स. साक्षीला."

मला ते रागाचं बोलणं वाटलं होतं. तो तिचा बेत होता.

दत्ताची मुलगी सोनल बारावी झाली होती. आजी गेली त्या आठवड्यात ती पहिल्यांदा चोरून गिरणीत आली आणि पोत्यांच्या मागं बसून रडली. तिनंच सांगितलं, शेवटच्या दिवशी आजी आक्काचं नाव घेत होती आणि बाप म्हणत होता, निरोप धाडता येत नाही. आक्कानं तिला जवळ घेतलं, पाणी दिलं त्याच तांब्यातून. सोनल तांब्याकडं बघत राहिली आणि मग गटागटा प्यायली. त्यानंतर ती येत राहिली. घरी म्हणायची, मैत्रिणीकडं जाते. आक्का तिला दुसरं काही शिकवत नव्हती, बैठकीत आज काय सांगितलं एवढं विचारायची आणि ऐकून झालं की म्हणायची, "कशावरनं?" थोड्या दिवसांत पोरगी घरी तोच शब्द बोलायला लागली.

तिला नगरला नर्सिंगला जायचं होतं. पंथात त्याला परवानगी नव्हती, कारण वसतिगृहात बाहेरच्यांच्या हातचं जेवण. आक्कानं फी भरली, कागदांच्या झेरॉक्स मी काढल्या, यावेळी चेहरे स्वच्छ आले. भाचीवर तिची माया होतीच, पण ती माझ्यापासून काही लपवत नव्हती. एसटीत सोनलला बसवून आलो तेव्हा म्हणाली, "त्यांनी माझी आई आत कोंडली. मी त्यांची पोर बाहेर काढली." तिचे डोळे चमकत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझेही चमकत असणार.

प्रमुख पुन्हा आले. पुन्हा तीच बैठक, तोच गोड आवाज. मुलीचं नाव टाका, तुम्ही ठरवा. यावेळी दत्ताच्यानं ठरवेना. लेकीचं नाव टाकवेना म्हणून पंथानं त्याचंच टाकलं. कालपर्यंत त्याला जेवायला बोलावणारी घरं त्याला पाणी देईनात. बायको तिच्या पंथातल्या माहेरी निघून गेली. गावाला तर त्यानं आधीच तोडलं होतं. मोठ्या घरात तो एकटा उरला आणि स्वतःच्या हातानं भाकरी थापायला लागला, दळण मात्र सोनईहूनच आणायचा. मला वाटलं, आता आक्काचं मन भरलं असेल. ती चक्कीवर गहू ओतत म्हणाली, "पोरीचं नाव टाकाया त्याला जड गेलं व्हय? माझं टाकताना हलकं वाटलं हुतं."

मग यंदाची जत्रा आली.

काठी निघाली. आक्काच्या केसात पांढरं पिठाचं की वयाचं ते आता कळत नाही, पण काचा मारलेला तसाच, पावलं तशीच. सांगितल्याप्रमाणं मी तिच्या मागं चालत होतो. मानकऱ्यांची दारं झाली, पाणी झालं, काठी वरच्या आळीला चढली. लांबूनच दिसलं, दार सताड उघडं होतं. चौकटीवरचा पांढरा रंग खरवडलेला, अर्धा निघालेला, अर्धा डाग राहिलेला. पायरीवर दत्ता, डोक्याला बापाचा फेटा, हातात पाणी भरलेला स्टीलचा तांब्या. सुट्टीवर आलेली सोनल त्याच्या मागं उभी.

हलगीवाल्यांनी सवयीनं हात सैल केला. इथं थांबायचं असतं हे त्यांना ठाऊक. दोर धरणारी पोरंही हळू झाली. दत्ता पायरी उतरून रस्त्यावर आला आणि उकिडवा बसला, बुडावर पाणी घालायला.

आक्का थांबली नाही.

"आक्का!" दत्ता उठून दोन पावलं बरोबर चालला. "आक्का, पानी! अगं, मी आता बाहेरचाच हाय, तुझ्यासारखा."

आक्कानं मान न वळवता विचारलं, "कशावरनं?"

आणि गेली. दोर ताणले गेले, पोरं धावली, हलगी गोंधळून पुन्हा सुरू झाली. सोनल "आत्या, थांब की" म्हणाली, तेही मागं राहिलं. गुरव माझ्या कानाशी पुटपुटला, "रिवाज मोडला हिनं." मी मागं बघितलं. दत्ता रस्त्याच्या मधोमध उभा होता. मग त्यानं वाकून तांब्यातलं पाणी रिकाम्या रस्त्यावर ओतलं, काठी जिथं थांबायची बरोबर तिथं, आणि तसाच उभा राहिला.

मला बरं वाटलं. ओढ्याकाठची ती सकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांनी मला नावं ठेवावीत. पण आक्काचा चेहरा मला दिसला नाही. तिनंच मला मागं चालायला सांगितलं होतं, आणि मागून नुसती पाठ दिसते.

देवळात काठी उतरवली. आक्का ओट्यावर बसली. दोन्ही खांदे सोलवटले होते. मी तिच्याकडून किल्ली घेऊन गिरणीतून तिचा तांब्या भरून आणला. ती प्यायली नाही, मांडीवर धरून बसली.

"वतलं का त्यानं पानी?"

"ओतलं. रस्त्यावर."

"मग?"

"मग उभा राहिला. आम्ही वळलो तरी उभाच होता."

ती तांब्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली. तिथं एक पोचा आहे, उकिरड्यावर आपटला तेव्हाचा.

"मी लई येळ उभी हुते," ती म्हणाली.

"पुढच्या जत्रेला?" मी विचारलं.

"पुढच्या जत्रेला बी ऱ्हाऊ दे उभा. मग बगू."

मग ती पाणी प्यायली, घटाघटा, एका दमात. पदरानं तोंड पुसलं, उठली आणि तांब्या काखेत मारून गिरणीकडं चालायला लागली. जत्रेचा दिवस, घरोघरी पाहुणे, दळणाचे डबे दारात रांगेनं ठेवलेले. खांद्यांमुळं तिला कुलपापर्यंत हात उचलता येत नव्हता, म्हणून शेजारचं माणूस म्हणून मी पुढं होऊन गिरणी उघडून दिली. तिनं रांगेतला पहिला डबा पायानं पुढं ओढला आणि झाकण उघडून आतल्या बाजूला कोरलेलं नाव बघितलं.

डबा दत्ताचा होता, गव्हाचा. तिनं तो रांगेतून काढला आणि शेवटी, बाजरीच्या डब्यामागं सरकवला.